आपलंच नाव दिसत नाई

"शेजारच्यायचे सगळे नावं दिसता, आपलंच दिसत नाई."

टीव्हीवरच्या वायफायच्या यादीबद्दलचं मायचं हे वाक्य मी फोनवर किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमधे होतो, एका हातात चहा, आणि मी म्हणालो माय तू एकदा टीव्ही बंद करून चालू कर, येईल. पुढच्या वेळी म्हणालो राऊटरची पिन काढून परत लाव. त्याच्या पुढच्या वेळी जरा आवाज चढवूनच म्हणालो की तू काहीतरी भलतंच बटण दाबलं असशील. तिने काहीही दाबलं नव्हतं. ती सांगत होती ते शब्दन् शब्द खरं होतं, आणि ते कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं. ते मनातून जात नाही म्हणून लिहायला बसलोय, थोडं लांबेल.

आमचं घर रावेर तालुक्यात, तापी आणि सातपुड्याच्या मधे जो केळीचा पट्टा आहे त्यात. पुढे दोन खोल्या स्लॅबच्या, त्या बाबांनी नंतर काढल्या, आणि मागे जुनं धाब्याचं घर तसंच ठेवलेलं. धाबं म्हणजे मातीच्या दोन-दोन फूट जाड भिंती, वर सागाचे सरे, त्यावर लाकूडफाटा आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, भुसावळ-जळगावचे आकडे दरवर्षी बातम्यांत येतातच, तेव्हा दुपारी स्लॅबच्या खोलीत पाच मिनिटं बसवत नाही आणि माजघरात मात्र नुसत्या पंख्याखाली डोळा लागतो. म्हणून टीव्ही माजघरात. हा निर्णय मायचा आणि तो शंभर टक्के बरोबर आहे, उन्हाळ्यात आमच्या घरी आलेल्या कुणालाही विचारा.

तर २०२३ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई न्यू जर्सीहून आली, पोरांना घेऊन, आणि येताना मायसाठी ती काडी घेऊन आली. टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या खाचेत खोचायची ती काडी. घरात तिला पहिल्या दिवसापासून काडीच म्हणतात, दुसरं नाव नाही. खरं तर तो एक छोटा कॉम्प्युटरच असतो, वायफायवरून व्हिडिओ ओढायचा आणि टीव्हीला द्यायचा एवढं एकच काम करणारा. गुगलने २०१३ मधे अमेरिकेत ३५ डॉलरला क्रोमकास्ट काढलं, पुढच्या वर्षी ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक आली, आपल्याकडे ती २०१७ ला विकायला आली, आणि त्यानंतर साध्या टीव्हीवाल्या घरांची मोठी सोय झाली, नवीन टीव्ही घ्यायला नको, आहे त्यालाच खोचा. आमची काडी कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, त्याने काही फरकही पडत नाही.

मायला काय बघायचं होतं तर नातवंडांचे व्हिडिओ मोठ्या पडद्यावर, कीर्तनं, पंढरपूरचं दर्शन, आणि मुक्ताईची पालखी. मुक्ताईनगर आमच्यापासून फार लांब नाही, बाबा होते तोवर दोघं जण पालखी निघताना जायचेच, आता तिचे गुडघे साथ देत नाहीत. म्हणजे ही काडी तिच्यासाठी टाइमपास नव्हती. हे मला तेव्हाच नीट समजलं असतं तर पुढे मी तसं बोललो नसतो.

पहिल्या दिवशीची जोडाजोडी मीच केली आणि त्यात एक आख्खी दुपार गेली. आधी काडी सारखी बंद पडून परत चालू व्हायची. कारण मी तिची वायर टीव्हीच्याच यूएसबीला लावली होती, आणि जुन्या टीव्हीचा यूएसबी साधारण अर्धा अँपिअर करंट देतो, काडीला त्यापेक्षा जास्त लागतो. सोबत आलेला अडॅप्टर लावायचा तर त्याच्या पिना अमेरिकेतल्या, चपट्या. त्यावर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं होतं म्हणजे आपल्या लाईटला चालणार होता, फक्त पिनेचं कन्व्हर्टर पाहिजे होतं, ते रावेरला इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळून गेलं.

मग भिंत. राऊटर पुढच्या खोलीत खिडकीत, कारण फायबरची तार तिथून आत येते, आणि टीव्ही माजघरात, मधे मातीच्या दोन भिंती आणि त्यात भर म्हणून पत्र्याची धान्याची कोठी, गव्हाने भरलेली. ऊन आत येऊ नये म्हणून पणजोबांनी बांधलेली भिंत वायफायलाही तशीच अडवते. राऊटर दोन नावं दाखवतो ना, एक साधं आणि एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं, ते ५जी म्हणजे मोबाईलचं ५जी नाही, ते ५ गिगाहर्ट्झ. त्याचा वेग जास्त पण भिंतीत लवकर दम सोडतं. २.४ गिगाहर्ट्झवालं जरा हळू पण लांब जातं आणि भिंतीतून त्यातल्या त्यात बरं पार होतं. माजघरात ५ वालं नाव दिसतच नव्हतं, २.४ वालं एका दांडीवर. तर राऊटर खिडकीतून काढून मधल्या दाराच्या चौकटीवर नेला, फायबरची तार नशिबाने तेवढी पुरली, कोठी दोघा-तिघांनी धरून बाजूच्या भिंतीला सरकवली, आणि काडी थेट टीव्हीत न खोचता डब्यात जी बोटभर एक्स्टेंशनची वायर येते ती मधे लावली. टीव्हीच्या पाठीमागे सगळा पत्रा असतो, काडी त्याला चिकटून राहिली की तिला कमी ऐकू येतं, वायरीने ती थोडी बाहेर लोंबकळते. ही वायर लोक डब्यातच ठेवून देतात, कृपा करून लावा.

संध्याकाळी चित्र आलं. मायने पहिलं काय लावलं असेल तर पंढरपूर. ताईची पोरं कार्टून कार्टून करत होती पण त्या दिवशी कुणी रिमोट मागितला नाही.

वर्षभर काही तक्रार नाही. मग २०२४ च्या पावसाळ्यापासून सुरू झालं, शेजारच्यायचे नावं दिसता, आपलंच दिसत नाई. आणि तिच्या फोनमधे मात्र तेच वायफाय मस्त चालू, त्यावरच व्हिडिओ कॉल करून ती मला टीव्ही दाखवायची, मागच्या गल्लीतल्या वायफायचंसुद्धा नाव आहे, समोरच्या काकांचं आहे, आमचं नाही. दोन-चार दिवसांनी कधी आपोआप यायचं, परत जायचं. नेटवाल्याला फोन केला तर तो म्हणे नेट तर चालू आहे, तुमची काडीच गेली, दुसरी घ्या. काडीवाल्यांच्या हेल्पलाईनला विचारलं तर ते म्हणे राऊटर बदला. मी दोघांचं ऐकून मायला एकेक उपाय सांगायचो, त्यात एकदा तर जुनं नेटवर्क 'फर्गेट' करून परत जोडायला लावलं. परत जोडायला यादीत नाव तर पाहिजे. मग दिसेल तेव्हा पासवर्ड घालत बसायचं, आणि पासवर्ड मी ठेवलेला, त्यात एक कॅपिटल अक्षर, एक ॲट, दोन आकडे, रिमोटच्या गोल बटणावर अंगठा सरकवत सरकवत तो कीबोर्ड तीनदा बदलावा लागायचा. साठी उलटलेल्या बाईला मी हे फोनवरून करायला लावत होतो आणि चुकलं की सुस्कारा सोडत होतो, तो तिला ऐकू जात असणारच.

दिवाळीत घरी गेलो, राऊटर एकदा बंद करून चालू केला, नाव लगेच दिसलं, जोडलं, पाच दिवस राहिलो, पाचही दिवस चाललं. मी म्हणालो बघ माय, काही झालेलं नाही त्याला. ती चुलीवर वांगी भाजत होती, भरताची, हिरवी लांबोळकी आमच्याकडची. उलथणं हातात घेऊन ती एवढंच म्हणाली, "तू येतो तव्हा चालते, तू गेला का मंग जाते." मी हसलो. मला वाटलं ती माझ्यावर मायेने बोलतेय. ती माहिती देत होती.

गुंता सुटला तो २०२५ च्या आखाजीला, आणि तो सोडवला दुधाच्या कॅलेंडरने.

स्वयंपाकघराच्या दाराला आतून कॅलेंडर टांगलेलं असतं, ज्यावर माय दुधाचा हिशोब ठेवते. एक लिटर, दीड लिटर, गवळी आला नाही, असं पेन्सिलने. त्या दिवशी गवळ्याचा हिशोब करायला तिने ते काढून माझ्या हातात दिलं, तर काही चौकोनांत दुधाच्या आकड्याखाली बारीक फुली होती आणि काही चौकोनांत कोपऱ्यात 'ला' लिहिलेलं. मी विचारलं हे काय आहे. ती म्हणे फुली म्हणजे काडीत आपलं नाव दिसलं नाही तो दिवस. आणि ला? "लाईट गेल्ती तो दिवस."

जानेवारीपासूनची पानं उलटी करत मी तिथेच ओट्याला टेकून उभा राहिलो. अकरा 'ला' होते. त्यातल्या सातांच्या पुढे फुली सुरू झालेली, कुठे एक दिवस, कुठे सलग पाच-सहा दिवस, परत लाईट जाईपर्यंत. चार वेळा लाईट जाऊनही फुली नव्हती. पण मागे 'ला' नाही आणि फुली सुरू झाली, असं एकदाही नाही. एकदाही.

"तुले पह्यल्यापासून सांगू रायली ना मी, लाईट गेली का मंग जाते."

खरंच सांगत होती. मला आठवलं. फोनवर ती सुरुवातच तिथून करायची, काल लाईट गेल्ती, मंग रात्री आली, मंग पाह्यलं तं... आणि मी मधेच तोडायचो की लाईटचं सोड, टीव्हीवर आत्ता काय दिसतंय ते सांग. वर्षभर जी गोष्ट सापडत नव्हती ती ती पहिल्या वाक्यात सांगत होती आणि मी ते वाक्य पूर्ण होऊ देत नव्हतो.

पुढचं मग तासाभरात झालं. आधी माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला, काडीने पटकन पकडला, म्हणजे काडी धडधाकट. घरातल्या फोनला राऊटर दिसतोय म्हणजे राऊटरही धडधाकट. मग दोघांचं जमत का नाही? फोनमधे एक वायफाय मोजायचं ॲप टाकलं, कुठलं नेटवर्क कुठल्या चॅनलवर आहे ते दाखवणारं, आणि राऊटर मुद्दाम बंद-चालू करत बसलो. पहिल्यांदा आमचा राऊटर चॅनल ६ वर आला, काडीत नाव दिसलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा चॅनल १३, आणि काडीच्या यादीतून आमचं नाव गुल.

जरा समजावून सांगतो, कारण परदेशातून आलेली काडी असलेल्या बऱ्याच घरांत हा घोळ होऊ शकतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफायचे चॅनल असतात, आपल्याकडे १ ते १३ चालतात. शेजारशेजारचे चॅनल एकमेकांच्या अंगावर येतात, एकमेकांना त्रास न देणारे म्हणून १, ६ आणि ११ हे तीन सगळीकडे वापरले जातात. राऊटरला चॅनल 'ऑटो' वर ठेवलं की तो चालू होताना आजूबाजूला कान देतो आणि जिथे गर्दी कमी तिथे जाऊन बसतो. आता अमेरिकेत १२ आणि १३ वर पॉवरची इतकी कडक मर्यादा आहे की तिथे विकायची बहुतेक यंत्रं ११ लाच थांबतात, त्यापुढे ती ऐकतच नाहीत. आमची काडी अमेरिकेतली. फोन इथला. राऊटर १३ वर गेला की फोनला दिसणार, काडीला त्या नावाचं काही आहे हेच कळणार नाही.

आणि पहिलं वर्ष का चाललं? कारण तेव्हा आमच्या गल्लीत वायफाय दोन घरांत होतं. राऊटरला १३ पर्यंत जायची गरजच नव्हती. मग वर्षभरात फायबर घरोघरी गेलं, समोर, मागे, डेअरीवर, आणि १, ६, ११ सगळे भरले. लाईट गेली की गल्लीतले सगळे राऊटर एकदम बंद, आली की सगळे एकदम जागे होऊन जागा शोधणार, आमचा कधी ६ वर बसणार, कधी १३ वर. म्हणून सात फुल्या आणि चार वेळा काही नाही. दिवाळीत मी राऊटर चालू केला तेव्हा तो ६ वर बसला आणि त्या पाच दिवसांत लाईट गेली नाही, एवढंच. तू येतो तव्हा चालते.

उपाय दोन मिनिटांचा. फोनच्या ब्राऊझरमधे १९२.१६८.१.१ टाकलं, राऊटरच्या पोटाखाली चिकटवलेल्या स्टिकरवरचं नाव आणि पासवर्ड घातला, वायरलेसच्या सेटिंगमधे २.४ च्या खाली चॅनल ऑटो होता तो ६ केला, सेव्ह. (काही राऊटरला पत्ता १९२.१६८.०.१ असतो, स्टिकरवर बघा.) गर्दी असली तरी चालेल, थोडा वेग कमी मिळेल, पण काडीला कायम दिसेल.

नाव आलं यादीत. मी रिमोट उचलणार होतो तर माय म्हणाली थांब, मले करू दे.

मग मी आधी पासवर्ड बदलला. कमीत कमी आठ अक्षरं लागतात, म्हटलं तू सांग काय ठेवायचं, सगळी छोटी अक्षरं आणि शेवटी आकडे, म्हणजे कीबोर्ड सारखा बदलायला नको. तिने जो ठेवला तो इथे लिहिणार नाही, पण तो ती विसरणं शक्य नाही. तिचं शिक्षण सातवीपर्यंत, इंग्रजी अक्षरं ओळखते पण सलग नाही. ती आकारावरून जाते. एच म्हणजे खुर्ची. आर म्हणजे कोयती. टी ला ती तुळस म्हणते, का ते मी विचारलं नाही. पाटावर बसून, रिमोट दोन्ही हातात धरून, केळीच्या चिकाने काळे पडलेले तिचे अंगठे त्या गोल बटणावर एकेक घर पुढे जात होते, खुर्चीवरून पुढे गेली तर परत एक घर मागे, दाबलं, एक गोळा उमटला, मान वर करून बघितलं, परत खाली. मी शेजारी बसून राहिलो, काही बोललो नाही. वरच्या सऱ्यावर पाल चुकचुकली तर ती म्हणाली पाह्य, खरं शे म्हणते, आणि हे अहिराणीतलं 'शे' ती फक्त खुशीत असली की बोलते, तिचं माहेर अमळनेरकडचं.

सगळी अक्षरं झाली, कनेक्ट दाबलं, ते गोल गोल फिरलं, जोडलं गेलं. तिने रिमोटचं माइकचं बटण दाबून धरलं आणि तहसील कचेरीत बोलते तशा शुद्ध मराठीत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, मुक्ताईची पालखी दाखवा. आली. त्या यंत्राला आमची बोली पण कळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, 'मले पालखी पाहू दे' म्हटलं तरी लागली पाहिजे. तो दिवस यावा.

निघताना कॅलेंडरच्या त्या चारही पानांचे फोटो काढून घेतले, फोनमधे आहेत अजून. ताईला पाठवले तर तिचा तिकडून रात्री दोनला फोन आला, ती बोलत नव्हती नुसती. तिलाही मायचं वाक्य माहीत होतं, तिनेही तिला रिस्टार्ट करायला सांगितलेलं.

जूनमधे आमच्याकडे मोठं वादळ झालं. केळीच्या बागा आडव्या पडल्या, आमची पाऊण एकर गेली, गल्लीत खांब वाकला, दोन दिवस लाईट नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मायचा फोन लागला. मी मुद्दाम काही विचारलं नाही, ती जिथून सुरू करेल तिथून ऐकत राहिलो. लाईट पहाटे चारला आली म्हणे. मग बागेचं सांगितलं, घड कोवळे होते, पंचनाम्याला तलाठी आले होते, कोण कोण मदतीला आलं. डेअरीवाल्याचा पत्रा उडाला. गवळी दोन दिवस आला नाही. धाब्याला काही झालं नाही, एका कोपऱ्यात गळलं तेवढं.

"आणि काडी?" शेवटी मीच विचारलं.

"हाओ, लागली ना. ला ल्हेला, फुली नाई." मग म्हणाली, "थांब, फोन बंद नको करू, पालखी मुक्कामाले पोहोचली," आणि फोन तसाच कशावर तरी ठेवला. मला टाळ ऐकू येत होते, मधेच पंख्याचा कटकट आवाज, कुणीतरी बाहेरून हाक मारली तर ती म्हणाली माजघरात ये. मी बाल्कनीत उभा होतो. ऑफिसची मीटिंग सुरू होऊन गेली होती. पंधरा मिनिटं मी फोन कानाला तसाच धरून होतो.